तासाला किती, की एकराला किती?

डिझेलचा भाव ठरवणे आपल्या हातात नाही. २०१७ सालच्या जूनमध्ये तर तो रोजच्या रोज ठरवण्याची पद्धत आली. पंपावरचा आकडा बघायचा आणि पैसे मोजायचे, एवढेच शेतकऱ्याच्या वाट्याला येते. पण टाकीत पडलेले डिझेल किती दिवस पुरवायचे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. हातात म्हणण्यापेक्षा पायात असते म्हणा ना! ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचा पाय, त्याचा कान आणि त्याचा स्वभाव या तिन्हींचा हिशेब शेवटी डिझेलच्या वहीत उतरतो.

आमच्या घरी ही वही माझ्याकडे असते. शेतीचे सगळे थोरले भाऊजी बघतात. ट्रॅक्टर चालवायला दोघे. एक आमचा ड्रायव्हर, अकरा वर्षांपासून आमच्याकडे असलेला, मुलांचा ‘मामा’. दुसरा भाऊजींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. वहीची आखणी सासऱ्यांच्या वेळेपासूनची. तारीख, कोण बसले, मीटरवर किती तास पडले आणि डिझेल किती लागले, असे चार रकाने.

एका उन्हाळ्यात भाऊजींनी वही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुतण्या बसला की तासाला डिझेल कमी आणि ड्रायव्हर बसला की जास्त. एकदा नव्हे, आठवडाभर तसेच. ते एवढेच म्हणाले, “तेल कुठंतरी मुरतंय.”

खेड्यात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टाकीतून नळी घालून डिझेल काढल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात, आणि काही खऱ्याही असतात. पण मजुरीच्या माणसावर असा ठपका ठेवायला एक वाक्य पुरते आणि तो पुसायला जन्म पुरत नाही. आज आमच्या ओसरीवर झालेली गोष्ट उद्या पारावर जाते आणि परवा शेजारच्या चार गावांत त्या माणसाला कुणी चावी देत नाही. त्याच्याही घरी चूल आहे, शाळेत जाणारी मुले आहेत.

मी वही भाऊजींपुढे ठेवली आणि म्हटले, “भाऊजी, यात तास लिहिलेत, पण त्या तासांत काम काय झालं ते कुठंच नाही. मामाला तुम्ही नांगरट देता आणि पोराला पेंड, खत, वैरण आणायला पाठवता. दोघांचा तास सारखा कसा धरायचा?”

भाऊजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, मोजून बघू.”

मोजायला काही मोठे यंत्र लागले नाही. ओढ्याकडेला आमची सहा एकरांची एक पट्टी आहे, सगळी एकाच जातीची काळी जमीन. तिचे तीन-तीन एकरांचे दोन भाग केले. नांगर तोच, पलटी. खोली काठीवर खूण करून ठरवली, म्हणजे एकाने खोल आणि दुसऱ्याने वरवर असे व्हायला नको. सकाळी सपाट खळ्यावर ट्रॅक्टर उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरायची. काम झाले की त्याच जागी आणून मापाने पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढे डिझेल परत मावले तेवढे जळले. पहिल्या दिवशी पुतण्या बसला, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर.

पुतण्याची समजूत अशी, की मशीन जोरात वाजले म्हणजे काम जोरात होते. त्याने खालचा गिअर टाकला आणि हातरेस वरपर्यंत ओढली. मशीन गर्जत होते, ट्रॅक्टर मात्र रांगत होता. ड्रायव्हरने एक गिअर वरचा टाकला आणि रेस थोडी खाली ठेवली. मशीनचा आवाज भरीव, दबका. धुराड्यातून दिसेल न दिसेल असा धूर.

टाक्या भरल्या तेव्हा हिशेब असा निघाला. तासाला बघाल तर ड्रायव्हरचेच डिझेल जास्त. भाऊजींची वही खोटे बोलत नव्हती. पण त्याचे तीन एकर लवकर उरकले होते. तीन एकरांचे मिळून बघितले, तर पुतण्याच्या दिवशी पाच लिटरचे माप एकदा जास्त ओतावे लागले होते. ज्याच्यावर संशय होता, तोच आमचे डिझेल वाचवत होता.

भाऊजी तोंडाने काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पंपावर जाताना मात्र डिझेलचे पैसे त्यांनी ड्रायव्हरच्याच हातात दिले. वहीत मी पाचवा रकाना आखला : काय काम झाले आणि किती एकर.

असे का होते, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे. डिझेल जळून जी शक्ती निघते, तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश मशीनच्या कामी येते. बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. त्यात मशीन जितके जोरात फिरेल तितकी त्याची स्वतःचीच घासाघीस वाढते. पिस्टन, पंप, पंखा या सगळ्यांना फिरवायला आधी डिझेल लागते आणि मग उरलेले नांगराच्या वाट्याला येते. म्हणून हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस हा सोपा नियम आहे. याची मर्यादाही सोपी आहे. मशीन गुदमरल्यासारखे वाजू लागले, रेस वाढवली तरी उचल घेईना आणि काळा धूर आला, की गिअर खाली आणायचा. वरच्या गिअरात मशीन दामटणे हाही डिझेलचा नाशच, शिवाय मशीनचाही.

रोटाव्हेटरला मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. त्याला मागच्या शाफ्टचे ठरलेले फेरे लागतात, साधारण मिनिटाला ५४०. काही ट्रॅक्टरांना कमी रेसवर तेवढेच फेरे देणारा वेगळा गिअर असतो. तो फवारणीच्या पंपासारख्या हलक्या कामासाठी आहे. आपल्या ट्रॅक्टरला तो आहे का, हे कंपनीच्या पुस्तकात बघावे. पुष्कळ घरांत ते पुस्तक ट्रॅक्टरबरोबर येते आणि देवघराच्या फळीवर कायमचे विसावते.

माणसाइतकाच वाहनाचाही दोष असू शकतो. चांगला ड्रायव्हरही घसरणाऱ्या चाकापुढे काय करणार? नांगर ओढताना मागचे चाक जमिनीत थोडे घसरतेच. किती घसरते ते बघायला खडू आणि टेप पुरे. टायरवर खडूची खूण करा. नांगर उचललेला ठेवून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते मोजा. समजा ४२ मीटर गेला. आता नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या मोजा. ३७ मीटर भरले तर घसर साधारण १२ टक्के, ती चालेल. ३२ भरले तर जवळजवळ २४ टक्के. म्हणजे चाकाच्या चार फेऱ्यांतली एक फेरी जागच्या जागी गेली. डिझेल मात्र चारही फेऱ्यांचे जळले. घसर १५ टक्क्यांच्या पुढे गेली, की चाकांना वजने लावणे, टायरमध्ये पाणी भरणे, झिजलेले टायर बदलणे किंवा नांगराची जोडणी तपासणे यांतले काहीतरी करावे. उलट घसर अगदीच नसेल तर ट्रॅक्टरवर फुकटचे वजन लादले आहे असे समजावे. तेही रस्त्याने आणि रानाने वाहून न्यायला डिझेलच लागते.

एअर क्लीनरचेही तसेच. उन्हाळी नांगरटीत धुळीचे लोट उठतात. मशीनला श्वास घ्यायला हवा मिळाली नाही, तर डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन वर जाते. तो धूर म्हणजे आपल्या घामाचे पैसे. तेलाचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत त्याचे भांडे वरचेवर उघडून बघावे.

शेताचा आकारसुद्धा डिझेल पितो, असे म्हटले तर काहींना हसू येईल. पण हिशेब करा. १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असे एकराचे रान घ्या. नांगराची पट्टी ६० सेंटिमीटर धरा. लांबीच्या बाजूने नांगरले तर सुमारे ६७ तास पडतात, म्हणजे तितकीच वळणे. आडवे नांगरले तर १६७. शंभर वळणे जास्त! प्रत्येक वळणाला नांगर उचलायचा, ट्रॅक्टर फिरवायचा, मागे-पुढे करायचा. तेवढा वेळ मशीन चालू आणि काम शून्य. अर्थात उतार असेल तर पाणी आणि माती अडवण्यासाठी उताराला आडवेच नांगरले पाहिजे. डिझेल वाचवण्यासाठी माती घालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तसेच उभ्या मशीनचे. बांधावर पाहुणा भेटला की ट्रॅक्टर चालू ठेवून गप्पा मारायची आपली पद्धत आहे. नुसत्या उभ्या मशीनलाही तासाला सुमारे लिटरभर डिझेल लागते. बॅटरी धड नसली की ‘बंद केला तर परत चालू व्हायचा नाही’ म्हणून तो तसाच धडधडत ठेवतात. म्हणजे बॅटरीचा खर्च वाचवून डिझेलमध्ये भरायचा. टर्बोचे मशीन जड कामानंतर बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे, तेवढे खरे. पण एक-दोन मिनिटे, चहा होईपर्यंत नव्हे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की पुतण्या निष्काळजी आणि ड्रायव्हर शहाणा, संपले! तसे नाही. हाच पुतण्या मोटारसायकलवर बसला की वेगळा माणूस होतो. वेग चाळीस-पन्नासच्या पुढे नेत नाही आणि फाटक लागले की मशीन बंद करतो. कारण त्यात पेट्रोल त्याच्या खिशातले असते. ट्रॅक्टरमधले डिझेल बापाचे. ज्याच्या खिशाला झळ लागते, त्याचा पाय आपोआप हलका होतो.

दुसरे कारण ट्रॅक्टरच्या आतच आहे. आमचा जुना ट्रॅक्टर होता, त्याचे स्टिअरिंग जड आणि बैठक कडक. खड्ड्यातून जोरात गेले की पाठीचे मणके बोलायचे. रेस जास्त झाली की सगळे अंग थरथरायचे. त्या ट्रॅक्टरने ड्रायव्हरला सबुरी शिकवली. नवा ट्रॅक्टर ताकदीने मोठा, स्टिअरिंग बोटावर फिरते, बैठक गादीची. पुतण्या शिकला तो यावर. वेग वाढला तरी अंगाला कळत नाही, मशीन तापले तरी हाताला लागत नाही. वाहन माणसाला घडवते ते असे.

आणि त्याही आधी बैल होते. सासूबाई सांगतात, औत ओढताना बैलाची छाती भात्यासारखी हलू लागली की सासरे तास संपवून औत थांबवायचे. बैल दमला की दिसायचा, फेस यायचा, मान खाली जायची. त्याच्या डोळ्यांत बघून माणूस आपली घाई आवरायचा. आखाला वंगण नसेल तर गाडी कुरकुरायची आणि अर्ध्या गावाला कळायचे. यंत्र तसे गयावया करत नाही. तेही सांगते, पण आवाजाने, धुराने, तापमानाच्या काट्याने आणि डिझेलच्या वहीने. हे ऐकणारा ड्रायव्हर चांगला. आमचा ड्रायव्हर लहानपणी औतामागे चाललेला आहे. तो ट्रॅक्टर ऐकतो, त्याचे मूळ मला तिथे दिसते.

मोजण्याची ही रीत काही मी शोधलेली नाही. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली. एसटीच्या आगारात दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब ठेवतात. पण तिथेही घाटातल्या गाडीची आणि सपाटीवरच्या गाडीची तुलना केली तर चांगला चालक वाईट ठरेल. जुन्या आणि नव्या गाडीचेही तेच. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेता जो डिझेलचा आकडा सांगतो, त्याचेही असेच समजावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील सरकारी केंद्रात ट्रॅक्टरांची तपासणी होते आणि तिचा अहवाल निघतो. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायला तो फार उपयोगी. पण तिथला आकडा ठरावीक परिस्थितीतला, जाणत्या हातांतला. तुमच्या रानातला आकडा तुम्हीच काढला पाहिजे.

आता बचतीची एक बाजू अशी आहे, की ती सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे मला बरे वाटणार नाही. डिझेलचा हिशेब लागल्यावर पुतण्याच्या मनाला ते लागले. त्याने बचतीचा ध्यास घेतला. ही चांगलीच गोष्ट. पण कारखान्याला उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन जाताना टेकडीच्या उतारावर त्याने गिअर काढून न्यूट्रल केले. ड्रायव्हर शेजारी होता म्हणून ओरडला, “गिअर टाक आधी!” वेग अजून चढला नव्हता, म्हणून गिअर पडला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, “वैनी, पोराला चार लिटर जास्त जाळू द्या, पर हे न्हाई करू द्यायचं. मागची ट्रॉली ब्रेकला जुमानत न्हाई.”

उतारावर गिअर काढला, की मशीनची अडवण जाते. भरलेल्या उसाचे टनावारी वजन मागून ढकलू लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, धरत नाहीत. ट्रॉली आडवी होऊन ट्रॅक्टरलाच उलटवते. आणि गंमत, गंमत कसली, दुर्दैव असे, की यात डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय सोडला, की उतारावर चाकेच मशीनला फिरवतात आणि पंप डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र मशीन स्वतःच्या बळावर चालू ठेवायला डिझेल द्यावेच लागते. म्हणजे जे वाचतच नाही त्याच्यासाठी जीव टांगणीला. ज्या गिअरात चढ चढलो असतो, त्याच गिअरात उतरावे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही तितकीच खरी आहे.

पुतण्या आता ड्रायव्हरच्या हाताखाली शिकतो. मालकाचा मुलगा नोकराच्या हाताखाली, म्हणून एक-दोघांनी टोमणे मारले. भाऊजींनी त्यांना वही दाखवली. आणखी एक गोष्ट घरात ठरली. वर्षाच्या शेवटी एकराच्या हिशेबाने जे डिझेल वाचेल, त्याच्या पैशांतला वाटा दोघांनाही द्यायचा. मोटारसायकलवर जो पाय हलका होतो, तो ट्रॅक्टरवरही हलका व्हावा, म्हणून. मात्र त्यासाठी खोली कमी करून वरवर नांगरू नये, म्हणून काठीची खूणही कायम ठेवली आहे.

येत्या नांगरटीला तुम्हीही एकदा टाकी गळ्यापर्यंत भरून बघा. तीच जमीन, तेच अवजार, तीच खोली आणि हिशेब एकराचा. वही घरातल्या बाईकडे द्या. तिला रोजच्या पिठामिठाचे माप ठाऊक असते, डिझेलचेही जमेल. आणि हिशेब चुकतोय असे वाटले, तर कुणाचे नाव तोंडावर आणण्याआधी चाक, एअर क्लीनर, गिअर आणि दिलेले काम एवढ्या चार गोष्टी तपासा. डिझेल पुन्हा विकत आणता येते. अकरा वर्षे राबलेला माणूस एकदा दुखावून गेला, की तो कुठल्याही पंपावर मिळत नाही.